विश्लेषण : ‘साउंडप्रूफ’ दार घेताय? आधी फट मोजा!

*बारावीचा अभ्यास, घरातले आजारपण, रात्रपाळीनंतरची झोप... एका तरी खोलीत शांतता हवी असते आणि दुकानात ‘साउंडप्रूफ’ दार पुढे केले जाते. ते खरेच आवाज थांबवते का? किती थांबवते? आणि पैसे आधी कशावर खर्च करावेत?*

बुलढाण्याजवळ, पैनगंगेकाठच्या देऊळघाटात माझ्या भावाचे घर आहे. पुढे बैठक, तिला लागून एक खोली, मागे स्वयंपाकघर. बैठकीत आमचे आबा टीव्ही पाहतात. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी कमी ऐकू येते, त्यामुळे टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा. लागूनच्या खोलीत पुतणी बारावीचा अभ्यास करते. फेब्रुवारीत परीक्षा. ती आबांना आवाज कमी करा म्हणत नाही आणि आबांना आपला आवाज मोठा आहे हे कळत नाही.

घरातल्यांनी मार्ग काढला तो दाराचा. एका दुकानातून रेक्झिनने मढवलेले, आत फोम भरलेले ‘साउंडप्रूफ’ दार आणले. नेहमीच्या दाराच्या जवळपास दुप्पट पैसे मोजले. बसवले, बंद केले आणि पुतणी म्हणाली, ‘‘काका, मालिकेत कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं सांगू शकते मी.’’

मग गावातला सुतार आला. त्याने दाराकडे पाहिलेही नाही, खाली वाकून जमिनीकडे पाहिले. ‘‘दार वाईट नाही भाऊ. पण खालून उंदीर जाते, तं आवाज काऊन नाही जाणार?’’

या लेखाचे सगळे म्हणणे त्या एका वाक्यात आहे. घरात शांतता हवी असेल तर आधी फट बंद करायची, मग वजन वाढवायचे आणि ‘साउंडप्रूफ’ हा शब्द सगळ्यात शेवटी विचारात घ्यायचा. बाजारात नेमका उलटा क्रम विकला जातो.

‘साउंडप्रूफ’ म्हणजे नेमके काय?

काटेकोर बोलायचे तर घरातले कोणतेही दार साउंडप्रूफ नसते. दार आवाज कमी करते, संपवत नाही. म्हणून ‘साउंडप्रूफ आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘किती डेसिबल कमी करते?’ हा खरा प्रश्न.

डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा सरळ नसतो. आवाज १० डेसिबलने घटला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. २० डेसिबलने घटला की चौथाई. दोन-तीन डेसिबलचा फरक मात्र बहुतेकांना जाणवतही नाही. त्यामुळे ‘आमच्या दाराने थोडा फरक पडतोच’ या वाक्याला काही अर्थ नाही.

दार, भिंत किंवा काच किती आवाज अडवते हे प्रयोगशाळेत मोजता येते. त्याचा एक आकडा निघतो. अमेरिकी पद्धतीत त्याला ‘एसटीसी’ म्हणतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘आरडब्ल्यू’. दोन्ही अगदी एक नाहीत, पण ग्राहकाला पुरेल इतपत जवळचे आहेत. त्या आकड्याचा घरगुती अर्थ साधारण असा :

• २० च्या आसपास : पलीकडचे साधे बोलणे शब्दन् शब्द कळते. आतून पोकळ असलेली हलकी दारे बहुधा इथे असतात.

• २५ : साधे बोलणे अजूनही समजते.

• ३० : मोठ्याने बोललेले बऱ्यापैकी कळते, साध्या बोलण्याची कुजबुज होते. नीट बसवलेले भरीव लाकडी दार इथपर्यंत पोहोचते.

• ३५ : मोठा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. त्यासाठी दार जड, फटी चारही बाजूंनी बंद आणि चौकट पक्की हवी.

अभ्यासासाठी हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मन भरकटते ते आवाजापेक्षा शब्दांमुळे. पंख्याच्या घरघरीत माणूस झोपतो, पण शेजारच्या खोलीत आपले नाव निघाले की जागा होतो. म्हणून दाराकडून पूर्ण शांततेची अपेक्षा न धरता ‘शब्द कळू नयेत’ एवढे उद्दिष्ट ठेवले तरी पुरे. ते साध्य होण्यासारखे आहे आणि परवडण्यासारखेही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी रात्री सरासरी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. कमी ऐकू येणाऱ्याचा टीव्ही त्याहून बराच वर. मधले अंतर दाराने आणि भिंतीने मिळून कापायचे असते.

भाकरीएवढे भोक

आता सुताराच्या उंदराचा हिशेब करू. नेहमीचे खोलीचे दार सात फूट बाय तीन फूट, म्हणजे २१ चौरस फूट. इंचात मोजले तर ३,०२४ चौरस इंच.

फरशी बसवताना किंवा दार घासू नये म्हणून खाली अर्धा इंच फट ठेवलेली असते. तीन फुटांची रुंदी धरली तर १८ चौरस इंच झाले. उरलेल्या तीन बाजूंना पल्ला चौकटीच्या खाचेत नीट टेकत नसेल आणि तिथे इंचाचा आठवा भाग फट राहिली, तर आणखी सुमारे २५ चौरस इंच. एकूण ४३ चौरस इंचांहून थोडे अधिक. या सगळ्या फटी एकत्र केल्या तर दाराच्या मधोमध साडेसात इंच व्यासाचे, म्हणजे एका भाकरीएवढे गोल भोक पडेल.

दाराला भाकरीएवढे भोक असते तर त्यावर फोम आणि रेक्झिन लावायला आपण पैसे दिले असते का? आधी भोक बुजवले असते. फट मात्र पातळ आणि लांब असते, डोळ्यांत भरत नाही.

आवाजाचे शास्त्र इथे कठोर आहे. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीचे दार पोलादाचे असले तरी ते सुमारे २० डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. वरच्या हिशेबात उघडी जागा जवळपास दीड टक्का आहे. म्हणजे मर्यादा १८-१९ डेसिबलवर आली. भावाने दुप्पट पैसे मोजून आणलेले दार याच मर्यादेत अडकले होते. त्याच्या जागी पोकळ दार असते तरी फारसा फरक पडला नसता.

फट शोधायला तंत्रज्ञ लागत नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करा, दार लावा आणि दुसऱ्या कोणाला बाहेरून मोबाइलची बॅटरी चौकटीच्या कडेने फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. किल्लीचे आरपार भोकही विसरू नका.

आधी भिंत पाहा, छत पाहा

दार बदलण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. आवाज खरोखर दारातूनच येतो का?

विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार-साडेचार इंची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडवते. अशा शंभर चौरस फुटांच्या भिंतीत २० डेसिबलचे दार बसवले, तर भिंत आणि दार मिळून जेमतेम २७ डेसिबल अडवतात. भिंतीची सगळी मेहनत दार वाया घालवते. तेच दार ३० चे केले तर एकत्रित आकडा ३६ पर्यंत जातो. पक्क्या भिंतीच्या आणि स्लॅबच्या घरात दारावर केलेला खर्च असा वसूल होतो.

पण आपल्या भागात सगळीच घरे अशी नाहीत. अनेक घरांत पुढच्या खोल्या स्लॅबच्या आणि मागच्या पत्र्याच्या असतात. पत्र्याखालची मधली भिंत बहुधा छतापर्यंत पोहोचत नाही, वर हात-दीड हात जागा मोकळी असते. काही घरांत दाराच्या वर हवेसाठी जाळी किंवा झरोका ठेवलेला असतो. अशा ठिकाणी कितीही भारी दार लावा, आवाज वरून उडी मारून येणार. तिथे आधी भिंत छताला भिडवायची. तेही हलक्या थर्माकोलने नव्हे. विटांनी, नाही तर दोन्ही बाजूंनी जड बोर्ड लावून.

भावाच्या घरी हेच निघाले. दाराच्या वर एक फूट उंचीची जाळी होती आणि पडद्याच्या दांडीमागे ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

दार निवडताना वजन का पाहायचे?

फटी बंद झाल्या की मग पल्ल्याचा विचार. इथे नियम एकच : जड दार आवाज जास्त अडवते. वजन दुप्पट झाले की अडवण्याची ताकद पाच-सहा डेसिबलने वाढते. बाजारातल्या पर्यायांकडे या नजरेने पाहू.

पीव्हीसीचे दार : आत पोकळ, वजनाला हलके, पाण्याला टिकाऊ. न्हाणीघराला उत्तम. अभ्यासाच्या किंवा झोपण्याच्या खोलीला आवाजासाठी निरुपयोगी.

पोकळ फ्लश दार : वरून गुळगुळीत आणि सनमायका लावलेले, त्यामुळे भरीवच वाटते. आत जाळीदार पुठ्ठा किंवा विरळ पट्ट्या असतात. मधोमध बोटाने ठोकून पाहा, डब्यासारखा आवाज आला तर पोकळ.

भरीव फ्लश दार : आत लाकडी पट्ट्या घट्ट बसवलेल्या असतात. ३५ मिलिमीटर जाडीचे, सात बाय तीन फुटांचे दार साधारण ४० किलोच्या आसपास भरते. बहुतेक घरांसाठी पैशाच्या मानाने हाच सर्वांत चांगला पर्याय, असे माझे मत आहे. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २२०२ हा मानक क्रमांक आहे का ते पाहा. तो क्रमांक दाराच्या बांधणीची खात्री देतो, आवाजाची नाही. पण बांधणी खरी असेल तर वजन खरे असते.

नक्षीचे पॅनेल दार : चौकटीचे लाकूड जाड, पण मधले पॅनेल अनेकदा पातळ. आवाज त्या पातळ भागातून जातो. पॅनेलची जाडी विचारल्याशिवाय घेऊ नका.

डब्ल्यूपीसी दार : वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. भरीव असेल तर आवाजालाही बरे. मात्र यात हलके आणि जड असे दोन्ही प्रकार येतात. दुकानात वजनकाटा मागवा, लाजू नका.

जुने सागवानी दार : मोडलेल्या वाड्याचे दोन इंची दार घरात पडून असेल तर ते भंगारात देऊ नका. साठ किलोच्या घरात वजन असते. फळ्यांमधल्या भेगा बुजवल्या आणि कडा सरळ केल्या, तर दुकानातल्या अनेक ‘साउंडप्रूफ’ दारांपेक्षा ते सरस ठरते. फक्त ते दुपाखी असेल तर मधली सांध ही मोठी फट असते, तिथे पट्टी लागते.

सरकते दार : जागा वाचते, पण सरकण्यासाठी चारही बाजूंना मोकळीक ठेवावी लागते. शांततेसाठी हा सर्वांत वाईट पर्याय.

जड दाराला बिजागऱ्याही तशाच लागतात. दोनऐवजी तीन, गरज पडल्यास चार. चौकट आणि भिंत यांच्यातली पोकळी सिमेंटने भरलेली हवी. वरून पट्टी मारून ती नुसती झाकलेली असेल तर आवाज तिथून येतो आणि दोष दाराला लागतो.

घरातले दार पोकळ असेल आणि बदलणे परवडत नसेल, तर त्यावरच १२ मिलिमीटरचे प्लायवूड स्क्रू आणि गोंदाने पक्के बसवता येते. पल्ल्याचे वजन दुपटीच्या घरात जाते. बिजागऱ्या आणि कडी मात्र त्याप्रमाणे बदलाव्या लागतात.

उंबरठ्याने काय केले होते?

जुन्या घरांत प्रत्येक खोलीला उंबरठा असायचा. पल्ला त्यावर टेकायचा आणि खालची फट आपोआप बंद व्हायची. विंचू-काटा, पाणी, धूळ यांच्यासाठी केलेली ही सोय आवाजही अडवत होती. एकसलग फरशीच्या हौसेत आतल्या दारांचे उंबरठे गेले आणि त्यांच्या जागी ती अर्ध्या इंचाची फट आली.

आज तीन पर्याय आहेत. पहिला, अर्धा-पाऊण इंच उंचीची लाकडी किंवा दगडी पट्टी खाली बसवून तिच्यावर रबर लावणे. स्वस्त आणि टिकाऊ, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायात येते. कडा उतरत्या केल्या आणि रंग फरशीपेक्षा वेगळा दिला तर धोका कमी होतो. दुसरा, पल्ल्याच्या खालच्या कडेला रबरी पट्टी लावणे. ती जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. ब्रशची पट्टी धूळ अडवते, आवाज फारसा नाही. तिसरा, ‘ड्रॉप सील’. दार बंद होताना चौकटीला लागून एक खिळ दाबली जाते आणि पल्ल्याखालचे रबर आपोआप खाली उतरते; दार उघडले की वर जाते. महाग आहे, पण वृद्ध किंवा चाकाची खुर्ची असलेल्या घरात तेच योग्य.

बाकी तीन बाजूंना चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी लावायची. चिकटपट्टीचा फोम वर्षभरात दबून बसतो. ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी जास्त टिकते. दार लावल्यावर ती किंचित दबली पाहिजे. जास्त जाड घेतली तर कडी लागत नाही, पातळ घेतली तर उपयोग नाही. हे काम काहीशे रुपयांचे आणि एका दुपारचे आहे. सगळ्यात जास्त फरकही याच कामाने पडतो.

पावसाळा, उन्हाळा आणि कूलर

लाकूड हंगामाप्रमाणे बदलते. पावसाळ्यात दार फुगते, घासते. आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारून जातो. मार्च-एप्रिलमध्ये तेच लाकूड आक्रसते आणि पावसाळ्यात रंधलेली कड मोठी फट होऊन बसते. नेमका परीक्षेचा हंगाम. म्हणून दार रंधण्याआधी बिजागरी सैल झाली आहे का ते पाहावे. रंधलेच तर त्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश द्यावे. उघडी राहिलेली कड पाणी पीत राहते.

दुसरा मुद्दा कूलरचा. घाटावरचा उन्हाळा घाटाखालच्या मलकापूर-खामगावइतका कडक नसला, तरी एप्रिल-मेमध्ये कूलर लागतोच. कूलरला हवा बाहेर पडायला वाट हवी असते आणि बहुतेक घरांत ती वाट म्हणजे खोलीचे उघडे दार. सगळ्या फटी बंद करून दार लावले तर तासाभरात खोली दमट होते. अशा खोलीत बाहेरच्या बाजूची दुसरी खिडकी उघडी ठेवण्याची सोय आधी पाहा. ती नसेल तर उन्हाळ्यात तुमचे महागडे दार उघडेच राहणार, हे दुकानात कोणी सांगत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. बंद खोलीत शेगडी, कोळसा, गॅसचा गिझर किंवा जनरेटर कधीही चालवू नका. फटी बंद केलेल्या खोलीत विषारी वायू लवकर साचतो. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी.

आणखी एक गोष्ट आम्ही अनुभवातून शिकलो. दार नीट झाल्यावर काही दिवसांनी रात्री आबांनी पाण्यासाठी हाक मारली. भाऊ-वहिनी मागच्या खोलीत झोपलेले, पुतणी आत अभ्यासाला. तिला हाक ऐकूच गेली नाही. आबा स्वतः उठले, अंधारात चाचपडत स्वयंपाकघरापर्यंत गेले. काही झाले नाही, पण होऊ शकले असते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या उशाशी बिनतारी घंटेचे बटण आले आणि घंटा पुतणीच्या टेबलावर. दार आवाज अडवते तेव्हा ते हाकही अडवते. घरात लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर दारासोबत घंटेचा खर्च धरूनच चाला.

फोम, अंड्याचे ट्रे आणि पडदे

समाजमाध्यमांवर भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवण्याचे व्हिडिओ फिरतात. टोकदार फोमचे चौकोनही विकले जातात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागते आणि ते फोममध्ये नसते. रेकॉर्डिंगच्या खोलीत फोम दिसतो तो आतला घुमारा कमी करण्यासाठी. बाहेरचा आवाज तिथे अडतो तो जड दारांमुळे. रेडिओच्या स्टुडिओत तर एकामागे एक अशी दोन दारे असतात आणि मध्ये छोटी मोकळी जागा.

पुठ्ठ्याचे ट्रे आवाज फारसा शोषतही नाहीत आणि आग मात्र लगेच पकडतात. साधा फोम जळताना विषारी धूर सोडतो. अभ्यासाच्या खोलीत, विजेच्या बोर्डाजवळ असे काही लावणे म्हणजे शांततेसाठी जिवाशी खेळ. दारावर जाड पडदा किंवा गोधडी टाकली तर घुमारा थोडा कमी होतो, त्याहून जास्त अपेक्षा नको.

जे दाराने थांबणार नाही

डीजेचा ठोका, वरच्या मजल्यावरची पावले, भिंतीला टेकलेल्या मोटारीची थरथर हे आवाज दाराच्या आवाक्याबाहेरचे आहेत. खर्जातला आवाज जड दारातूनही जातो आणि थरथर तर भिंतीतून, स्लॅबमधून येते. त्यावर दार विकणारा तुमची फसवणूक करतो आहे.

तिथे उपाय कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांत झोप हा जगण्याच्या हक्काशी जोडलेला विषय मानला. तक्रारीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

गावात वरातीची तक्रार कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. उद्या आपल्याही घरी लग्न असते. पण दहावी-बारावीच्या महिन्यात तरी रात्री दहानंतर वाद्ये बंद ठेवायची, असा निर्णय ग्रामसभेत घेता येतो. त्याला कोणत्याही दारापेक्षा कमी खर्च येतो.

दुकानात काय विचारायचे?

१. आवाजाची चाचणी झाली आहे का? अहवाल दाखवा. एसटीसी किंवा आरडब्ल्यू किती?

२. हा आकडा नुसत्या पल्ल्याचा की चौकट आणि रबरासह? पल्ल्याचा असेल तर घरी तो मिळणार नाही.

३. पल्ल्याचे वजन किती? आतला गाभा कशाचा? कापलेला नमुना दाखवा.

४. खालची फट कशी बंद करणार? बसवून देण्याची जबाबदारी कोणाची?

५. बिलावर ‘साउंडप्रूफ’ शब्द आणि आकडा लिहून देणार का?

पाचव्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी गप्पा थांबतात. आकडा नसेल तर तो शब्द निव्वळ सजावट समजा आणि भरीव फ्लश दाराचाच भाव द्या. आकडा लिहून दिला आणि तो खोटा निघाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागू देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण त्यासाठी हातात बिल हवे.

काम झाल्यावर तपासायला मोबाइल पुरेसा आहे. आवाज मोजणारे एखादे ॲप घ्या, मोबाइल अभ्यासाच्या टेबलावर ठेवा, पंखा बंद करा, बाहेर टीव्ही नेहमीच्या आवाजात लावा. दार उघडे असताना आणि बंद असताना आकडा पाहा. मोबाइलचा प्रत्येक आकडा अचूक नसतो, पण दोन आकड्यांतला फरक उपयोगी पडतो. तो जेमतेम ८-१० असेल तर फटी अजून शिल्लक आहेत.

खर्चाचा क्रम

शेवटी माझे मत सरळ मांडतो. सगळ्यात आधी आवाज जिथून निघतो तिथे पाहा. टीव्ही सामाईक भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलवायला काही खर्च येत नाही. वृद्धांचे कान तपासून घ्या. श्रवणयंत्र किंवा टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन अनेकदा दारापेक्षा स्वस्त पडतो. मग फटी आणि झरोके. मग चौकटीमागची पोकळी. त्यानंतर भरीव पल्ला. आणि एवढे सगळे करूनही भागले नाही तरच चाचणी-अहवाल असलेले खास दार. गायन-वादनाचा रियाज, ऑनलाइन शिकवणी, रुग्णाची खोली अशा ठिकाणी ते घ्यावे लागते.

भावाच्या घरी सुताराने जाळीच्या जागी दोन्ही बाजूंनी प्लायवूड बसवले, तीन बाजूंना रबर लावले, खाली उतरत्या कडांची सागवानी पट्टी ठोकली. दार तेच ठेवले. आबांचा टीव्ही अजूनही ऐकू येतो, पण मालिकेतले संवाद कळत नाहीत. आबांना हेडफोन मात्र चालला नाही. ‘‘घरात बसून घरच्यांचंच ऐकू येत नाही,’’ म्हणाले आणि काढून ठेवला. त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

म्हणून दाराकडे चैन म्हणून पाहू नये. लहान घरात तीन पिढ्या राहतात तेव्हा कोणाला तरी गप्प बसवूनच दुसऱ्याला शांतता मिळते आणि गप्प बसवले जाते ते बहुधा म्हाताऱ्याला किंवा लेकराला. नीट बसवलेले दार ती वेळ टाळते. ते दार महागच असले पाहिजे असे नाही. आज रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी चौकटीवरून फिरवा. उजेड कुठून येतो ते पाहा आणि सुताराला तिथेच बोट दाखवा.